डॉक्टरीणबाईंचे मिस्टर हुबेहूब आजारी पडतात

मुख्य तक्रार

मिस्टरांना काहीही झालेलं नव्हतं, आणि तीच अडचण होती.

रविवारी जेवणं आटोपल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आडवा हो. छातीत दुखतंय म्हण." मिस्टर आनंदाने आडवे झाले. गाद्यांच्या दुकानात नोकरी असल्यामुळे आडवं होणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. गिऱ्हाइकाला चारचौघांत गादीवर पडायची लाज वाटते, म्हणून आधी आपण पडून दाखवायचं असतं. पण दुकानात नुसतं पडायचं असतं. दुखायचं नसतं.

"छातीत दुखतंय," मिस्टर म्हणाले.

"असं? टपाल आलंय सांगितल्यासारखं?"

त्यांना मिस्टर का म्हणायचं ते आधी सांगून टाकतो. आपल्याकडे असताना गल्लीत त्यांची ओळख एकच होती: डॉक्टरीणबाईंचे मिस्टर. न्हावीसुद्धा "मिस्टर, मान खाली" म्हणायचा. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त बँकेला माहीत होतं. मग दोघं इथे, परदेशात, आले. बॅगा सगळ्या सुखरूप पोचल्या. डॉक्टर तेवढ्या वाटेत कुठेतरी राहिल्या. इथे त्या एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. नळीतल्या रक्ताला काय झालंय हे त्यांना नुसत्या रंगावरून पुष्कळदा कळतं, पण ते बोलायची त्यांना परवानगी नाही. चिठ्ठी सरळ लागली पाहिजे, बस.

पूर्वेतिहास

वगळला आहे. तो सांगायला बसलो तर आधी परीक्षा, मग त्या परीक्षेला बसायला पात्र आहात का याची परीक्षा, मग दुसरी पास होईपर्यंत पहिलीची मुदत संपली म्हणून पुन्हा पहिली, असं करत वाचकालाच भोवळ येईल, आणि त्याला तपासायला इथे कुणाला परवानगी नाही.

एवढंच ध्यानात ठेवावं: बाहेरून आलेल्या डॉक्टरने घरी कितीही पेशंट बरे केलेले असोत, इथे त्याला हॉस्पिटलात पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते. म्हणजे पुन्हा शिकाऊ. त्या जागा मोजक्या आणि उमेदवार रग्गड. त्यातून दुधाच्या पिशवीवर असते तशी डॉक्टरवरही तारीख असते. डिग्रीला ठरावीक वर्षं उलटली की अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत. डॉक्टरांचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी त्या शिळ्या होणार होत्या. अर्ज ढिगाने केले, आणि बोलावणं आलं एकाच ठिकाणाहून: गावातल्याच मोठ्या हॉस्पिटलातून.

मुलाखत दोन भागांत. एका भागात प्रश्न. दुसऱ्या भागात खोटा पेशंट. म्हणजे हॉस्पिटलाने पगार देऊन ठेवलेला धडधाकट माणूस, जो दुखल्याचं सोंग करतो. त्याला काय झालंय हे तुम्ही ओळखता का, यात कुणाला फारसा रस नसतो. तुम्ही त्याच्याशी बोलता कसे, ते बघतात.

आणि इथेच गाडं अडलं होतं. डॉक्टरांनी आपल्याकडे बारा वर्षं दोन खोल्यांचा दवाखाना चालवला, आणि तो चालला ओरडण्यावर. "तीन दिवस ताप आहे आणि आज उगवताय? घरात थर्मामीटर काय शोभेला ठेवलाय?" असं म्हटल्याखेरीज त्यांचं पेन उघडत नसे. पेशंट मान खाली घालून ऐकायचे आणि बाहेर पडताना निम्मे बरे झालेले असायचे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बाई ओरडल्या म्हणजे दुखणं किरकोळ आहे. बाई गप्प बसल्या, की लोक परगावच्या मुलांना बोलावून घ्यायचे.

इथे नेमकं उलटं. ओरडलं की मार्क गेले. गप्प बसून मान किंचित कलती ठेवली की मार्क मिळाले. 'काही होत नाही' हे तर डॉक्टरांचं ब्रह्मवाक्य, पण इथे ते म्हणायची सक्त बंदी. कारण समजा, झालं तर? त्याऐवजी म्हणायचं, "हे तुमच्यासाठी किती अवघड असेल याची मी कल्पना करू शकते." डॉक्टरांनी हे वाक्य पहिल्यांदा घरात मोठ्याने म्हटलं तेव्हा मिस्टर स्वयंपाकघरातून धावत आले. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

तपासणी

*(दारावर टकटक. दार उघडंच आहे, तरी टकटक. टकटकीला मार्क आहेत.)*

डॉक्टर : नमस्कार. मी तुमची डॉक्टर. तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?

मिस्टर : *(गहिवरून)* आजवर कुणी विचारलंच नाही गं.

डॉक्टर : केसमध्ये राहा. कुठे दुखतंय तुम्हाला?

*(लग्नानंतर डॉक्टरांनी मिस्टरांना 'तुम्हाला' म्हणायची ही पहिलीच वेळ. मिस्टर सावरून बसतात.)*

मिस्टर : इथे. नाही, इथे. सगळीकडेच थोडं थोडं.

डॉक्टर : कसं दुखतंय?

मिस्टर : कसंतरीच.

डॉक्टर : कसंतरी हे दुखणं नाही.

मिस्टर : असं कसं? माझ्या आईला जन्मभर तेवढं एकच झालं.

डॉक्टर : दाबल्यासारखं, टोचल्यासारखं की जळजळल्यासारखं?

मिस्टर : तुला सोयीचं कुठलं?

डॉक्टर : दाबल्यासारखं. एक ते दहामध्ये किती?

मिस्टर : साडेतीन.

डॉक्टर : साडेतीनला कुणी हॉस्पिटलात येत नाही. आठ म्हण.

मिस्टर : आठ.

डॉक्टर : हे तुमच्यासाठी किती अवघड असेल याची मी कल्पना करू शकते. सिगरेट ओढता?

मिस्टर : छे!

डॉक्टर : या केसमध्ये ओढता.

मिस्टर : बरं, ओढतो. कॉलेजपासून.

डॉक्टर : कॉलेजपासून?

मिस्टर : दिवसाला आठ-दहा. परीक्षेच्या वेळी जास्त.

डॉक्टर : आणि इतक्या वर्षांत मला एकदाही वास आला नाही?

मिस्टर : अगं, केसमध्ये!

डॉक्टर : किती पटकन आलं तोंडातून. परीक्षेच्या वेळी जास्त, म्हणे.

*(तालीम इथे थांबली. त्या दिवशी चहा झाला नाही.)*

दुसरं मत

गंभीर दुखण्यात दुसरं मत घ्यावं म्हणतात. ते घ्यावं लागलं नाही. ते शेजारून चालत आलं.

शेजारी काका राहायचे. इमारतीत आपली भाषा बोलणारे ते एकटेच. आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेले, त्यामुळे समोरच्या माणसाकडे बघताना त्यांच्या नजरेत एक हिशेबी करुणा असायची. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "वहिनी, ज्ञानाला कोण विचारतो? ओळख लागते, ओळख."

"तुमची आहे का कुणाशी?"

"माझी? तीस वर्षांत माझी कुणाशी झाली नाही. म्हणून तर सांगतोय."

मग त्यांनी खुर्ची ओढली, हातात स्वयंपाकघरातला टायमर घेतला आणि एक पूर्ण तालीम पाहिली. पाहून झाल्यावर बराच वेळ मान हलवत राहिले.

"वहिनींचं झकास आहे. पेशंट कच्चा आहे."

"मी?" मिस्टर म्हणाले.

"तुमच्याकडे बघून कुणाला कणव येईल हो? हार्टचा पेशंट म्हणे! मी तुम्हाला पॉलिसी विकली असती, तीही तपासणीशिवाय."

हे मिस्टरांच्या जिव्हारी लागलं. माणसाला कुणी मूर्ख म्हटलं तर तो विसरतो. पण तुम्हाला नीट दुखतसुद्धा नाही, असं कुणी म्हटलं तर? बायकोचं अख्खं आयुष्य ज्या एका सकाळवर उभं आहे, त्यात आपल्या वाट्याला एवढंच काम आलेलं, आडवं पडून कण्हायचं, आणि तेही धड जमू नये! मिस्टरांनी मनावर घेतलं. दुकानात गादीवर पडून दाखवताना ते मूठ छातीशी नेऊन बघू लागले. एका जोडप्याने त्यांच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि ही गादी आम्हाला मानवायची नाही म्हणून निघून गेलं. मालकाने मिस्टरांना उशांच्या विभागात हलवलं.

घरी काकांचं दिग्दर्शन चालू झालं. "घाम पाहिजे. घामाशिवाय हार्ट नाही. जिना चढून या." मिस्टर जिना चढून आले. "चेहरा पांढरा पाहिजे." पावडर आली. "आवाज पोटातून येऊ दे." आवाज पोटातून येईना, तर काकांनी स्वतः करून दाखवला, तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. डॉक्टर एकदाच म्हणाल्या, "अहो काका, परीक्षा माझी आहे." पण दोघांपैकी कुणाचंही लक्ष नव्हतं.

अपघात

मुलाखतीच्या आदल्या दिवशी, डॉक्टर अजून लॅबमधून यायच्या होत्या तेव्हा, काकांनी रंगीत तालीम काढली. मिस्टरांनी चेहऱ्याला पावडर फासून जिना खालपासून वरपर्यंत चार वेळा केला. चौथ्या खेपेला त्यांना खरंच दम लागला, आणि दम लागल्यावर आवाज अचानक पोटातून आला. असा सुरेख आला, की तो वाया जाऊ नये म्हणून मिस्टर जिन्यातच बसले, मूठ छातीशी नेली आणि पुन्हा एकदा कण्हले.

त्या मजल्यावर गाडी चालवायला शिकवणाऱ्या एक बाई राहत. त्यांचा जन्म अशा माणसांच्या शेजारी बसण्यात गेलेला, जी कुठल्याही क्षणी त्यांना मारू शकतात. त्यामुळे संकटात त्या किंचाळत नसत, कृती करत. त्यांनी दार उघडलं, पाहिलं आणि फोन लावला.

काका वरून धावत आले. इथली भाषा काकांना उत्तम येत असे, फक्त घाईत शब्द आधी यायचे आणि अर्थ मागून.

"काही नाही, काही नाही!" काका म्हणाले. "हा रोज संध्याकाळी मरतो!"

"रोज?"

"उद्यासाठी! आज खोटं. उद्या खरं!"

बाईंनी फोनवर सांगितलं की सोबत एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांनाही धक्का बसलेला दिसतो.

अॅम्ब्युलन्समधून दोन दांडगी माणसं उतरली. मिस्टर म्हणाले, "मला काहीही झालेलं नाही."

"असं सगळेच म्हणतात," त्यांतला एक पट्टे आवळत म्हणाला. "ज्यांना खरंच काही झालेलं नसतं, ते म्हणतात मी मेलो." त्याने मिस्टरांच्या कपाळाला हात लावला, हात पांढरा झाला, त्याने तो हुंगला आणि विचारात पडला.

अशा रीतीने बायकोच्या आधी एक दिवस मिस्टर त्या हॉस्पिटलात पोचले. पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. चाकांवरून, मानाने नेलं.

निदान (चुकीचं)

तपासायला एक तरुण आला. शिकाऊ डॉक्टर. म्हणजे ज्या जागेसाठी डॉक्टरांनी जिवाचं रान केलं होतं, त्या जागेवर बसलेलं हे पोरगं. ते आलं, नाव न सांगता स्टेथोस्कोप लावून मोकळं झालं. आणि इतक्या तालमींनंतर मिस्टरांच्या तोंडून आपोआप निघून गेलं:

"टकटक केली नाहीत. हात धुतले नाहीत. नाव सांगितलं नाहीत. मला काय म्हणून हाक मारायची ते विचारलं नाहीत. तुमचे चार मार्क गेले."

पोरगं पांढरं पडलं. पावडर न लावता.

"आपण... तपासणीसाठी आला आहात का?"

"तपासणीसाठीच आणलंय ना मला?"

ते बाहेर गेलं. बाहेर काहीतरी कुजबूज झाली. मग दारावर टकटक झाली, ते पुन्हा आत आलं, कोपरापर्यंत हात धुतले, नाव सांगितलं, आणि छातीचा आलेख नीट पाहून म्हणालं की हृदय अगदी चांगलं आहे. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पोराला गेलेले मार्क परत मिळवायचे होते. त्याने खुर्ची ओढली, मान किंचित कलती केली आणि विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

हा प्रश्न मिस्टरांना कित्येक महिन्यांत कुणी विचारला नव्हता. फोनवर, जिन्यात, दुकानात, सगळे विचारायचे, "वहिनींचं काय झालं?" मिस्टरांचे डोळे भरून आले. खोटं बोलणं त्यांना शक्यच झालं नाही. त्यांनी मनाच्या तळातून खरं सांगितलं, की माझा जीव टांगणीला लागलाय.

निदान (त्याहून चुकीचं)

आता इथल्या भाषेत याला शब्द नाही. मिस्टरांनी होता तसा उचलून पलीकडे ठेवला.

"माझं आयुष्य," मिस्टर म्हणाले, "लटकायला लागलंय."

पोरगं हळूच पुढे सरकलं. "कधीपासून?"

"झाले बरेच महिने. पण आता सोसवत नाही."

"कशामुळे?"

"बायको."

"आणि पुढे... काही ठरवलंय तुम्ही?"

"ठरवायचं काय त्यात? उद्या सकाळी एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. जमलं तर जमलं. नाहीतर जिथून आलो तिथे परत जायचं, आणखी काय?"

पोरगं अतिशय सौम्यपणे उठलं. पाच मिनिटांत मिस्टरांचा पट्टा गेला, बुटांच्या नाड्या गेल्या, मफलर गेला. समोर एक धिप्पाड माणूस येऊन बसला. त्याचं काम फक्त मिस्टरांकडे बघणं. मिस्टरांनी चहा मागितला तर चमच्याशिवाय आला. विजार एका हाताने धरून चहा पिताना मिस्टरांच्या लक्षात आलं, की आपण काहीतरी बोलून बसलोय. पण नक्की कुठल्या शब्दात, ते कळेना. त्यांनी ते धिप्पाड माणसाला विचारलं. तो म्हणाला, "हे तुमच्यासाठी किती अवघड असेल याची मी कल्पना करू शकतो."

शब्दार्थ

थोड्या वेळाने मनोविकार विभागाच्या मोठ्या बाई आल्या. चष्म्याला साखळी, आवाज कापसासारखा. त्यांच्या मागोमाग लॅबच्या डगल्यातच डॉक्टर आल्या. काकांनी फोन केला होता; काय सांगितलं कोण जाणे, पण डॉक्टर धावत आल्या होत्या हे दिसत होतं. त्यांनी मिस्टरांना पाहिलं, नाड्या नसलेले बूट पाहिले, विजार धरलेला हात पाहिला, आणि या देशात पाऊल ठेवल्यापासून दाबून धरलेला आवाज सुटला.

"मूर्खा! नाक कापलंस माझं!"

"काय म्हणाल्या त्या?" मोठ्या बाईंनी मिस्टरांना विचारलं.

"मी तिचं नाक कापलं म्हणते," मिस्टर खालमानेने म्हणाले.

मोठ्या बाईंनी डॉक्टरांच्या नाकाकडे पाहिलं. धिप्पाड माणूस उठून दोघांच्या मध्ये उभा राहिला.

तेव्हा डॉक्टरांनी एक खुर्ची घेतली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि इथल्या भाषेत बोलायला सुरुवात केली. मिस्टर सांगतात, असं भाषण त्यांनी जन्मात ऐकलं नाही.

"नाक म्हणजे अब्रू. ते राहू द्या. आधी जीव. जीव म्हणजे प्राणच, पण आमच्याकडे तो मरण्यासाठी फार कमी वापरतात. जीव लावतो म्हणजे माया करतो. जीव रमतो म्हणजे करमतं. जीव तुटतो म्हणजे आपलं माणूस लांब असलं की आत होतं ते. जीव वर-खाली होतो म्हणजे काळजी. जीव मुठीत धरून बसतो म्हणजे भीती. जीव मेटाकुटीला येतो म्हणजे दमणूक. जीव खातो म्हणजे छळतो, उदाहरणार्थ हा. जीव देतो म्हणजे... ते सोडा. आणि सगळं निभावलं की जीव भांड्यात पडतो."

"कुठल्या भांड्यात?" मोठ्या बाई लिहून घेत होत्या.

"ते कुणालाच माहीत नाही."

"आणि टांगणीला लागतो तो?"

"तो वाट बघतो. काहीतरी कळायचं असतं आणि कळत नसतं, तेव्हा."

"तुमच्या यजमानांना काय कळायचंय?"

डॉक्टरांनी मोठ्या बाईंच्या डगल्यावरचं नाव वाचलं; तेच मुलाखतीच्या पत्रावर होतं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी तुमच्यासमोर माझी मुलाखत आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. तो साखळीला लोंबकळत राहिला. मिस्टरांना त्यांचे बूट परत मिळाले; एका बुटाची नाडी मात्र शेवटपर्यंत सापडली नाही.

मुलाखत

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर घरी आल्या तेव्हा मिस्टर आणि काका दाराशीच उभे होते.

"काय विचारलं?"

"तू कसा आहेस."

"मी ठीक आहे गं. विचारलं काय?"

"तेच. तू कसा आहेस."

"बरं, आणि मग?"

"मग दुसऱ्यांनी विचारलं, की तू आता कसा आहेस. मग तिसऱ्यांनी ते भांड्याचं पुन्हा सांगायला सांगितलं. सगळे हसले. वेळ संपली."

"आणि खोटा पेशंट?"

"तो छान झाला," डॉक्टर म्हणाल्या आणि पर्स खाली ठेवली. "टकटक केली. नाव सांगितलं. हात धुतले. मान कलती ठेवली. एकदासुद्धा ओरडले नाही. त्याने गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या होत्या रे. स्वतःच्या मनाने! तरी नाही ओरडले. म्हटलं, हे तुमच्यासाठी किती अवघड असेल."

"मग झालंच की काम!" काका म्हणाले.

निकाल

निकाल आला तो अत्यंत सभ्य होता. उमेदवार सर्व पायऱ्या अचूक पाळतात, असं त्यात होतं. मात्र त्यांचा संवाद पाठ केल्यासारखा वाटतो. जिव्हाळ्याची उणीव जाणवते. इथल्या भाषेत जो शब्द होता त्याला आपल्याकडे जिव्हाळा म्हणतात. त्यातही जीव आहेच. मिस्टरांना ते दिसलं.

डॉक्टरांनी वाचलं, खिडकीचा पडदा सारखा केला, आणि बसून राहिल्या. पाचेक मिनिटं गेली. मिस्टरांनी वाट पाहिली. निदान एकदा ओरड, असं त्यांना वाटत होतं. माझ्यावर ओरड. जिन्यात कण्हलो मी, लटकलो मी, नाक कापलं मी. डॉक्टर गप्पच. आणि बाई गप्प बसल्या की काय करायचं असतं ते मिस्टरांना ठाऊक होतं, पण परगावहून बोलावून घ्यायला त्यांना मुलं नव्हती.

फोन वाजला तो मिस्टरांचा. मोठ्या बाई. त्यांनी आधी मिस्टर कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाल्या, की त्या दिवशीच्या शिकाऊ मुलाने अहवालात लिहिलंय, आजवर त्याला कुठल्याही पेशंटकडून इतकं शिकायला मिळालं नव्हतं. हॉस्पिटलाला खोट्या पेशंटची एक जागा भरायची आहे. मिस्टरांना रस आहे का?

"नाही," मिस्टर ताडकन म्हणाले. त्यांनाही काही स्वाभिमान होता.

"घे," डॉक्टर म्हणाल्या. निकालानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द.

"अगं, पण..."

"घे म्हणते ना."

काकांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी सांगत नव्हतो, ओळख लागते?" आणि सासूबाईंनी तर आपल्याकडे गल्लीभर सांगितलं, की घरातलं एक माणूस अखेर हॉस्पिटलात लागलं. कुणीतरी विचारलं, मुलगी का? सासूबाई म्हणाल्या, नाही, जावई. ते तर डॉक्टर नाहीत ना? सासूबाई म्हणाल्या, तिथे तसं काही लागत नाही.

उपचार

मिस्टर आता आठवड्यातून चार दिवस आजारी असतात. अंथरलेल्या चादरीवर पडायचं आणि एकामागून एक येणाऱ्या उमेदवारांना तेच दुखणं तितकंच दुखवून दाखवायचं. ते या कामात फार पुढे गेले. त्यांचं पोट दुखतं तेव्हा नेमकं जिथे दुखायला हवं तिथेच दुखतं, जिथे सुटायला हवं तिथे सुटतं. मोठ्या बाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "इतकं अचूक कसं जमतं तुम्हाला?"

"घरी डॉक्टर आहे," मिस्टर म्हणाले.

"हो का? कुठल्या हॉस्पिटलात?"

मोठ्या बाई विसरल्या होत्या. मिस्टर कूस बदलून कण्हले. पुढचा उमेदवार यायची वेळ झालीच होती.

एका संध्याकाळी ते घरी आले तेव्हा डॉक्टर चिठ्ठ्यांच्या गोंदाने चिकट झालेली बोटं गरम पाण्यात बुडवून बसल्या होत्या.

"आज कोण कोण होतं?"

"बरेच होते. एक आपल्याकडची होती."

डॉक्टरांनी बोटं पाण्यातून काढली. "कशी होती?"

"घाबरलेली. नाव सांगताना माझंच सांगितलं. पण पोट दाबायच्या आधी तळहात एकमेकांवर घासून गरम केला गं. ते कुणी करत नाही."

"त्याला मार्क नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग तू काय केलंस?"

"माझ्या हातात काय असतं? शेवटी आम्हाला एकच प्रश्न विचारतात. या डॉक्टरकडे परत याल का? मी हो म्हटलं."

"झाली पास?"

"नाही."

डॉक्टरांनी बोटं पुन्हा पाण्यात बुडवली. मग भिंतीकडे बघत विचारलं, "आणि मी असते तर? काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"नाही?"

"तुझ्याकडे एकदा आलेला माणूस परत कशाला येईल? बरा झालेला असतो तो."

मिस्टरांनी हे वाक्य बसमध्ये तयार करून आणलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काहीतरीच," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं तीच माणसं यायची. त्याच खोकल्यासाठी." आणि त्यांनी डोळे पुसले, ओल्याच हाताने, त्यामुळे नक्की काय पुसलं ते कळलं नाही.

मग त्या उठल्या. "उद्या काय आहे तुला?"

"गुडघा."

"कुठला?"

"डावा."

"विजार वर कर."

मिस्टर पलंगावर आडवे झाले. डॉक्टरांनी हात पुसले, तळहात एकमेकांवर घासले, आणि दोन्ही हातांनी तो निरोगी गुडघा धरला. अंगठ्याने वाटीच्या कडेने हळूहळू दाबत गेल्या, एका जागी थांबल्या.

"इथे दुखतंय?"

"नाही."

"उद्या दुखेल," डॉक्टर म्हणाल्या, आणि कसं ते शिकवायला लागल्या.